टेंभरझरीचे तीन बोगदे

१

लिलाधर खाणीत उतरला आणि वर आला नाही, एवढाच निरोप साकोलीच्या ठाण्यात फोनवरून आला. फौजदार रत्नमाला जीप घेऊन निघाली ती एकोडीच्या शिवारातून, तिच्या स्वतःच्या गावातून. बापाच्या धानाच्या बांधीजवळ जीप पाट ओलांडू लागली, तेव्हा कोरड्या पाटातून पाण्याची पहिली धार येत होती. पालापाचोळा पुढे ढकलत, फेस काढत, आणि मागोमाग बगळे. उन्हाळी धानाला पाणी सुटलं, बाबा खूश असतील, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि पुढच्याच वळणावर ती ते विसरलीही.

टेंभरझरीच्या खाणीकाठी निम्मं एकोडी जमलं होतं. गुन्हेगार कोण हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लिलाधर कुठे आहे हे मात्र एकालाही नाही.

ही खाण कधीच बंद पडलेली. पंप थांबले तसं पाणी चढत गेलं आणि डोंगराच्या पायथ्याशी एक निळंशार डबकं उरलं. वरून साधं दिसतं. पण शंभर फूट खाली त्याला एक चौक आहे आणि चौकातून तीन बोगदे फुटतात : डावा डोंगरात, मधला जुन्या विहिरीकडे, उजवा डोंगराला वळसा घालून कुठे जातो ते देव जाणे. हे पाणी उपसून आसपासच्या गावांना द्यायची योजना निघाली होती. त्याआधी आत पाणी किती आणि येतं कुठून हे पाहायचं काम वरठीच्या खुशबूने घेतलं होतं. पाण्याखालच्या गुहांत उतरायचं शिक्षण तिने परदेशात जाऊन घेतलेलं. हाताखाली दोघे : भंडाऱ्याचा धम्मदीप आणि एकोडीच्या मासेमार ढीवराचा मुलगा लिलाधर.

खुशबू नुकतीच एक फेरी मारून वर आली होती. ओठ निळे पडलेले, अंगातला रबरी पोशाख तसाच. बोलताना दात वाजत होते.

"दोरी चौकापर्यंत धड आहे मॅडम. तिथून पुढची तुटलेली."

"दोरीचं महत्त्व काय?"

"आत गाळ उठला की स्वतःचा हात दिसत नाही. दोरी हातात असली तरच माणूस परत येतो. लिलाधरच्या हाती आता दोरी नाही." तिने वीतभर तुकडा पुढे केला. "हे टोक मी चाकूनं कापलं, तुम्हाला दाखवायला. दुसरं टोक तिथलंच."

रत्नमालाने तुकडा हातात घेतला, पण पाहायला सवडच मिळाली नाही. गर्दीतून एकोडीच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष श्यामलाल ओरडला, "कापली! ठेकेदारानं दोरी कापली! खून केला आमच्या पोराचा!" आणि गर्दीला तेवढंच हवं होतं.

गलका जरा खाली बसल्यावर खुशबू हळूच म्हणाली, "एक गोष्ट मले समजून नाही राहिली. चौकातला गाळ बसूनच नाही राहिला. इतक्या वेळात बसायला पायजे होता."

"म्हणजे?"

"म्हणजे तो आत हालचाल करून राहिला असेल. जिवंत असेल. बोगद्यांच्या छताला कुठे कुठे जुनी हवा अडकून आहे. तिथं डोकं वर काढून बसला असेल तर. पण ती हवा सडकी, उद्यापर्यंत टिकायची नाही. आणि माह्या नळकांड्यांत एकाच फेरीचा श्वासाचा गॅस उरला आहे. नवा पुण्याहून येणार, उद्या." तिने रत्नमालाचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. "तीन बोगदे शोधू शकत नाही मी. एक सांगा. चुकला तर तो गेला, अन् बहुतेक मीही."

रत्नमालाला स्वतःला पोहता येत नव्हतं. घोटाभर पाण्यातही तिचा जीव खालीवर होई. आता दोन माणसांचा जीव तिच्या एका शब्दावर टांगला होता.

२

ठेकेदार तुलाराम आपल्या गाडीत काचा लावून बसला होता. बाहेर आला तर लोक आपल्याला पाण्यात टाकतील अशी त्याला धास्ती होती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती. रत्नमाला शेजारी जाऊन बसली.

"काल लिलाधरशी तुमचं भांडण झालं."

"झालं ना. झूठ कशाला बोलू? तो म्हणे, उजवा बोगदा एकोडीच्या तलावाले जुडला आहे. खाण उपसली तर तलाव खाली होईन, मासोळी मरंन, योजना बंद करा. मी म्हटलं, सबूत दाखव. तो म्हणे, दाखवतो."

"मग त्याला पुरावा मिळू नये असं तुम्हाला वाटणारच."

"अहो मॅडम, मी तर आंघोळ बी बादलीनं करतो! शंभर फूट खाली जाऊन दोरी कापू मी?" त्याने कपाळावरचा घाम पुसला. "अन् तो आत मेला तर माझी योजना बी मेली. ज्या पाण्यात मुर्दा आहे ते पाणी कोणतं गाव पिणार?"

बोलणं निर्दयी होतं, म्हणूनच रत्नमालाला खरं वाटलं.

"आजच का उतरवलं? उद्याचं ठरलं होतं ना?"

तुलाराम घुटमळला. "उद्या सोसायटीवाले झेंडे घेऊन येणार होते. तमाशा झाला असता. म्हणून रात्रीतून बदललं. लिलाधरले सांगितलं, तोंड बंद ठेव. गावात कोणाले बोलायचं नाही."

म्हणजे लिलाधर आज पाण्यात आहे हे एकोडीत कोणालाच माहीत नव्हतं. हे रत्नमालाने मनाच्या एका कोपऱ्यात ठेवलं आणि ती उतरली. बाहेर खुशबू घाईघाईने नळकांडी पाठीवर चढवत होती.

"कुठे निघालीस?"

"मधल्या बोगद्यात. धम्मदीपनं सांगितलं. त्यानं त्याले मधल्यात जाताना पायलं."

३

धम्मदीप घोंगडी पांघरून एका दगडावर बसला होता. आत दोघे जोडीने गेले आणि एकटा धम्मदीप परत आला, तेव्हापासून तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

"चौकापर्यंत मी होतो संग," तो म्हणाला. "तिथं गाळ उठला. लिलाधर मधल्यात घुसला. मी थांबलो, थांबलो, मग वापस आलो."

"जाताना त्याने हाताने खूण केली असेल ना तुला?"

"केली. म्हणजे... हो, केली."

"कोणती?"

धम्मदीपचा हात अर्धवट वर आला आणि तसाच राहिला. रत्नमालाने खुशबूला हाक मारली. "याच्या नळकांड्यात गॅस किती उरलाय बघ."

खुशबूने धम्मदीपच्या सामानातला काटा उचलून पाहिला. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"भरलेलंच आहे जवळपास. चौकापर्यंत जाऊन थांबला असता तर अर्धं रिकामं व्हायला पायजे होतं." ती त्याच्या अंगावर धावली. "तू चौकापर्यंत गेलाच नाही! अन् मी तुह्या शब्दावर मरायला निघाली होती!"

धम्मदीपने घोंगडीत तोंड खुपसलं. आतून आवाज आला, "अरुंद जागेत माह्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं ताई. मले श्वासच नाही घेता आला. लिलाधरनं मले उजेड दिसेपर्यंत आणून सोडलं अन् तो एकटा मागे फिरला. मी लाजेनं बोललो नाही. मधला म्हटलं, वाटलं..."

"काय वाटलं?"

"काहीतरी तर सांगायला पायजे होतं."

खुशबूने नळकांडी उतरवली आणि ती मटकन खाली बसली. रत्नमालाला त्या पोराच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. भीतीला ती पुरती ओळखून होती. पण दयेने बोगदा सापडत नव्हता, आणि धम्मदीपचं नळकांडं लिलाधरला वर आणताना श्वासाला लागणार होतं. ऊन डोंगराच्या खांद्यावर गेलं होतं, आणि तीनचे अजून तीनच होते.

४

लिलाधरची आई सखाबाई काठावर मुलाची पिशवी मांडीत घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. रडली असती तर रत्नमालाला बरं वाटलं असतं.

"काकी, पिशवी पाहू द्या जरा."

"पाय बेटा. तूच पाय."

शर्ट, पँट, मोबाईल, चपला. रत्नमालाने सगळं परत घडी घालून ठेवलं. सखाबाईने ते पुन्हा उपसलं आणि तळाशी चाचपलं.

"गमछा कुठी आहे याचा?"

"घरी राहिला असेल."

"घरी काहून राहीन? सकारी गळ्यात गुंडाळूनच गेला तो. लाल चौकड्याचा. त्याच्याबिगर तो घराबाहेर पाय टाकत नाही."

"आत घेऊन गेला असेल," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. खुशबूने मान हलवली. रबरी पोशाखात गमछा घेऊन कोणी उतरत नाही. शिवाय सकाळी तो खाणीवर आला तेव्हाच त्याचा गळा मोकळा होता, हे तिला आता आठवलं. तिने तेव्हा थट्टाही केली होती, आज साहेब गमछा विसरले वाटते म्हणून. लिलाधर नुसता हसला होता.

म्हणजे घर आणि खाण यांच्या मध्ये कुठेतरी तो गमछा राहिला. रत्नमालाने विचारलं, "काकी, येताना वाटेत तो कुठे थांबला असेल?"

"मले का माहीत बेटा. तलावाच्या पाळीवरून येते तो रोज. त्याचं सारं ध्यान त्या तलावातच. मने, आई, तुडमापाशी बुडी मारली का पाय थंडे पडते, भर उन्हाळ्यातही. खालून कुठून तरी थंडं पानी येते मने. मी मनलं, येत असंन बावा. मले का..." इथे मात्र तिचा आवाज फाटला.

रत्नमाला उठून उभी राहिली. एकोडीत वाढलेल्या माणसाला जे लहानपणापासून ठाऊक असतं, ते तिला आता आठवलं होतं. आणि ते आठवायला आपल्याला इतका वेळ लागावा, याचा तिला भयंकर राग आला.

"श्यामलालभाऊ," तिने गर्दीकडे पाहून हाक मारली, "तलावाचा तुडूम कधी सोडला?"

श्यामलाल पुढे आला. धोतर कंबरेपर्यंत ओलं, पायांना काळा चिखल. "काल. कालच सोडला. शेतकरी पाणी पाणी करून राहिले होते. काहून?"

"खोटं," रत्नमाला म्हणाली.

५

तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं दगडी भोक. त्यात लाकडी खुंटा ठोकलेला, आणि खुंट्याला वर धरायला उभा बांबू. कोणे एके काळी कोणी ते उघडलं तेव्हा खाली शिंगाडे काढणाऱ्या एका ढीवराचा पाय आत ओढला गेला आणि तो सुटला नाही. तेव्हापासून एकोडीत रिवाज पडला. पाण्यात उतरणाऱ्याने आपलं फडकं त्या बांबूला बांधायचं, आणि फडकं आहे तोवर खुंट्याला कोणी हात लावायचा नाही. मग धान करपत असो, नाहीतर पाटील येवो. रत्नमालाच्या बापानेही त्या फडक्यापायी कितीदा बांधावर बसून वाट पाहिली होती.

"लिलाधर आज खाणीत उतरणार होता आणि फडकं बांधून आला तलावावर," रत्नमाला मोठ्याने म्हणाली. आता सगळे ऐकत होते. "का? कारण त्याच्या लेखी ते पाणी एकच होतं. खाणीचं थंड पाणी तुडमाच्या पायथ्याशी निघतं, हे त्याच्या पायांना कळलं होतं. तोंड बंद ठेव असं ठेकेदाराने सांगितलं होतं, ते त्याने पाळलं. पण एकोडीत फडकं बांधलं की सांगितल्यासारखंच असतं. खुशबू, तू वरठीची, तुला कळायचं कारण नव्हतं. पण भाऊ, तुम्हाला?"

श्यामलाल एका पायाने दुसऱ्या पायावरचा चिखल पुसू लागला.

"काल सोडलेलं पाणी आमच्या बांधीशी आज सकाळीच पोचलं असतं. मी दुपारी आले तेव्हा पहिली धार पालापाचोळा ढकलत होती. तुडूम आज उघडलाय, लिलाधर आत असताना. म्हणून चौकातला गाळ बसत नाही. तो कोणाच्या पायाने उठत नाहीये. आतलं पाणी वाहतंय." तिने खिशातून दोरीचा तुकडा काढला. "आणि हे बघा. हे टोक खुशबूने चाकूने कापलं, सपाट आहे. हे तिथलं. कसं पिंजारलंय! ओढीने दगडाच्या धारेवर घासून तुटलंय. कोणी कापलेलं नाही. पण दोरीकडे नीट पाहायच्या आतच 'कापली' म्हणून ओरडलं कोण?"

गर्दीने आपणहून श्यामलालभोवती जागा रिकामी केली.

"फडकं पायलं मी," तो अखेर म्हणाला. आवाज जमिनीतून आल्यासारखा. "पायलं. सारा तलाव पायला. ना डोंगा, ना जाळं, ना कोणाचं डोस्कं. मनलं, काल कोणी विसरून गेला. सोडलं फडकं अन् खुंटा उपटला. इमानानं सांगतो, तवा मले काइ माहीत नवतं."

"आणि इथे आल्यावर?"

तो तिच्याकडे पाहीना. सखाबाईकडे तर नाहीच. "इथं आलो, आयकलं, अन् समजलं. वाटलं, आता तं तो गेलाच. गेलेला पोरगा वापस येत नाही. पण ठेकेदारावर आलं तं योजना तरी बंद होईन. तलाव तरी वाचन. शंभर घरं जगते त्याच्यावर."

सखाबाई उठली. सगळ्यांना वाटलं, ती त्याच्या अंगावर जाईल. ती नुसती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माहा पोरगा जिता आहे का मेला, हे तू ठरोलं?"

रत्नमालाला या प्रश्नाचं उत्तर ऐकायला वेळ नव्हता. ती खुशबूकडे वळली. "उजवा बोगदा. पण मी फोन करेपर्यंत उतरायचं नाही. आधी ओढ थांबली पाहिजे, नाहीतर तूही त्यातच जाशील." मग तिने श्यामलालला दंडाला धरून जीपमध्ये ढकललं.

६

तलावावर पोचले तर खुंटा जागेवर नव्हता. श्यामलालने उपटून पाण्यातच सोडलेला खुंटा ओढीने कधीच भोकातून खाली नेला होता. भोकातून पाणी घुमत होतं. जीपमधून सोबत आलेल्या हवालदार कवडूने शेजारच्या खळ्यावरून धानाच्या तणसाच्या पेंड्या आणल्या, त्या भोकाशी लावताच पाण्याने गिळल्या. दुसऱ्या आणल्या, त्याही गेल्या.

श्यामलालने कवडूच्या हातातल्या उरलेल्या पेंड्या घेतल्या, पाठीशी बांधल्या आणि तो पाण्यात उतरला. कोणी थांबवायच्या आत तो भोकाकडे पाठ करून बसला. पाण्याने त्याला धाडकन भोकावर दाबलं. त्याच्या तोंडून एक घुसमटलेला आवाज निघाला, आणि पाटाकडची घुमघुम थांबली. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला तो माणूस दात आवळून म्हणाला, "लाव फोन."

रत्नमालाने फोन लावला. मग कवडूला त्याच्याजवळ बसवून ती खाणीकडे परतली.

खुशबू पाण्यात उतरली होती. काठावर आवाज नव्हता. निळं पाणी आता काळं दिसू लागलं होतं आणि त्यावर काही म्हणजे काहीच हलत नव्हतं. धम्मदीप पाण्याच्या कडेला पालथा पडून खाली बघत होता. तुलाराम गाडीबाहेर येऊन उभा होता आणि कोणी त्याला हाकललं नाही. सखाबाई रत्नमालाला टेकून बसली होती. बोगदा चुकला असेल तर? बरोबर असून उशीर झाला असेल तर? आपण एका गमछ्यावर दोन जीव लावले, हे तिला आता धडधडीत दिसत होतं.

"आले!" धम्मदीप ओरडला.

पाण्यावर बुडबुड्यांची एक माळ फुटली. लोक पुढे धावले.

"एकच आहे," तुलाराम म्हणाला, आणि सगळे होते तिथे थांबले.

"खोलातून सरळ वर येता येत नाही," धम्मदीप घाईने सांगू लागला. "वरच्या टप्प्यात खूप वेळ थांबावं लागतं. दिसले तरी लगेच बाहेर येणार नाहीत. ताई आहे ती. ताईच असंन..."

एक माळ. थांबून थांबून. श्वास सोडला की फुटायची, घेतला की पाणी पुन्हा गुळगुळीत. सखाबाईची नखं रत्नमालाच्या हातात रुतली. पहिल्या माळेच्या शेजारी, हातभर अंतरावर, पाणी जरासं फुगलं. मग तिथेही बुडबुडे फुटले. भराभर, बेशिस्त, घाबरलेल्या माणसाच्या श्वासासारखे. मग पुन्हा. आणि पुन्हा.

"दोन," रत्नमाला म्हणाली. "काकी, दोन आहेत."

काठावर एकच हलकल्लोळ झाला. कोणी रडत होतं, कोणी तुलारामच्याच गळ्यात पडलं होतं. त्यातच फोन वाजला. कवडू होता.

"मॅडम, श्यामलालचे ओठ काळे पडले. बोलता येऊन नाही राहिलं नीट. आम्ही चौघं जमलो आहे, दोरानं ओढून काढतो म्हटलं, अन् त्याच्या जागी दुसरा बसतो. तो ऐकून नाही राहिला. विचारतो, पोरगं निंगालं का?"

रत्नमालाने पाण्याकडे पाहिलं. दोन्ही माळा तिथेच होत्या. वरच्या टप्प्यात थांबल्या होत्या आणि अजून बराच वेळ थांबणार होत्या. इकडे माणूस बदलायच्या घोळात तुडूम क्षणभर जरी सुटला, तर पाण्याची ओढ तिथपर्यंत पोचेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. खुशबूला विचारायची सोय नव्हती.

सखाबाईने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"श्यामलाल," ती म्हणाली, "माहा लिलाधर जिता आहे. पाण्यातच आहे अजून." पलीकडून हुंदका आला असावा, कारण ती थोडी थांबली. "आता आयक. मरशीन तं मर. पन हलू नोको."

तिने फोन परत दिला, पदर खोचला आणि पाण्याच्या कडेला जाऊन बसली.